दांड्या भरलेल्या, तरी मीटिंग तुटते: लॅपटॉपच्या वाय-फायचा दोष कसा शोधायचा

लॅपटॉपवर नेट अडखळायला लागलं की बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो: प्लॅन वाढवायचा. १०० एमबीपीएसचे २०० करायचे. महिन्याचं बिल वाढतं आणि बेडरूममधली मीटिंग पूर्वीसारखीच तुटत राहते. फायबर घरापर्यंत जे आणून देतं ते सहसा पुरेसं असतं; एका चांगल्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस भागतात. घोडं अडतं ते राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या वीस-तीस फुटांत. तिथल्या भिंतींत, तिथल्या गर्दीत, आणि कधी कधी खुद्द लॅपटॉपच्या आत. या टप्प्यावर प्लॅनच्या आकड्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की काहीही विकत घेण्याआधी, कुठलीही सेटिंग बदलण्याआधी, दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवा. त्याला पंधरा मिनिटं लागतात आणि एक रुपयाही लागत नाही.

नेट गेलंय की वाय-फाय?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तक्रार करताना आपण त्या एकत्र करून टाकतो. लॅपटॉप ते राउटर हा एक टप्पा, राउटरपासून पुढे कंपनीच्या जाळ्यापर्यंत दुसरा. पहिला ठणठणीत असून दुसरा बंद असू शकतो. तेव्हा वाय-फायच्या चिन्हातल्या दांड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही.

सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे त्याच खोलीत, त्याच टेबलावर, त्याच वाय-फायवर मोबाइल चालवून बघणं. मोबाइलवरही तीच रड असेल तर दोष राउटरचा, जागेचा किंवा लाइनचा. मोबाइल सुरळीत आणि लॅपटॉपच अडतोय, तर लॅपटॉपकडे बघायचं. मोबाइलचा मोबाइल डेटा मात्र आधी बंद करा. नाहीतर वाय-फाय कमजोर झालं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुम्हाला चुकीचं उत्तर मिळतं.

याहून पक्की तपासणी म्हणजे पिंग. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. येणाऱ्या यादीत डिफॉल्ट गेटवे असं लिहिलेलं असतं आणि समोर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता असतो. तो तुमच्या राउटरचा घरातला पत्ता. आता पिंग हा शब्द, पुढे तो पत्ता, आणि शेवटी एक जागा सोडून वजा चिन्ह व टी हे अक्षर लिहा. लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारत राहील आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते छापत राहील. कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की थांबतो. मॅकवर शेवटचं अक्षर लागत नाही. तिथे पिंग आपोआप चालू राहतं.

दोन-तीन मिनिटं हे चालू द्या. निरोगी वाय-फायवर बहुतेक उत्तरं १ ते ५ मिलिसेकंदांत येतात, मध्येच एखादं १५-२० चं. पण ३, ४, २८०, ३, ६१०, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशी रांग दिसली, तर पहिला टप्पाच दुखरा आहे. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो तो नेमका या ६१० च्या जागी. स्पीड टेस्ट हे दाखवत नाही. ती सरासरी काढते, आणि सरासरीत अर्ध्या सेकंदाचा खड्डा दिसत नाही. ज्यांना मीटिंगचा त्रास आहे त्यांनी स्पीड टेस्टपेक्षा या रांगेवर जास्त विश्वास ठेवावा.

राउटरचं पिंग स्वच्छ असेल तर दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा. तिथे खंड पडत असेल तर दोष घराबाहेर आहे. लॅपटॉपला हात लावू नका, कंपनीत तक्रार नोंदवा. आणि हेही पिंग स्वच्छ, पण वेबसाइट उघडत नाहीत, असं असेल तर बहुधा डीएनएस अडलंय, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून बघा.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: आयपीकॉन्फिगमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करून, लॅपटॉपवर ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा पासवर्ड टाकून जोडलं की बहुतेकदा काम होतं.

पावसाळ्यात नेट जातं याचा ठपकाही वाय-फायवर येतो. घरातल्या अंतरावर २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाऊस जवळजवळ काहीच करत नाही. पावसात बिघडतात ते बाहेरचे जोड, पाणी शिरलेले डबे, खांबावरून ओढलेली केबल आणि गल्लीतली वीज.

दांड्या काय सांगतात

चार दांड्या म्हणजे राउटरचा आवाज लॅपटॉपला किती मोठा ऐकू येतोय एवढंच. तो स्पष्ट ऐकू येतोय का, आणि लॅपटॉपचं बोलणं राउटरपर्यंत पोचतंय का, हे दांड्या सांगत नाहीत. वाय-फाय दुतर्फा असतं. प्रत्येक तुकडा पोचला की समोरच्याने पोच द्यायची. पोच आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवायचा. लॅपटॉपचा ट्रान्समीटर सहसा राउटरपेक्षा कमी ताकदीचा असतो. त्यामुळे दूरच्या खोलीत राउटरचं ऐकू येतं, पण लॅपटॉपचं उत्तर परत पोचत नाही, अशी स्थिती येते. पाहणं सुरळीत आणि बोलणं तुटक, सिनेमा चालतो पण मीटिंगमध्ये ‘तुमचा आवाज कटतोय’, याचं हे एक मोठं कारण आहे.

खरा आकडा डीबीएम या मापात असतो आणि तो उणे असतो. उणे ४० म्हणजे राउटरच्या शेजारी. उणे ५०-५५ उत्तम. उणे ६७ पर्यंत कॉल नीट चालतो असं धरायला हरकत नाही. उणे ७५ च्या खाली गेलात की जोडणी टिकते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. या मापाची गंमत अशी की दर १० चा फरक म्हणजे दहापट. उणे ५० आणि उणे ७० यांत वीसचा फरक दिसतो, प्रत्यक्षात सिग्नलची ताकद शंभरपटीने घटलेली असते.

मॅकवर ऑप्शनचं बटण धरून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय नावाने हा आकडा समोर येतो, शेजारी नॉइजचा, म्हणजे आसपासच्या गोंगाटाचाही येतो. त्या दोघांत २५ चं अंतर असेल तर निश्चिंत राहा. विंडोज हाच सिग्नल टक्क्यांत मोजतं: उणे ५० किंवा त्याहून चांगलं म्हणजे १०० टक्के, उणे १०० म्हणजे शून्य. म्हणजे विंडोजचे ६० टक्के हे प्रत्यक्षात उणे ७०. साठ टक्के ऐकायला बरे वाटतात, पण कॉलसाठी ते काठावरचे आहेत.

राउटर कुठे बसलाय

फ्लॅटमध्ये फायबर मुख्य दरवाज्यातून आत येतं. नेट लावायला आलेला माणूस सगळ्यात जवळचं प्लगपॉइंट बघतो आणि राउटर तिथेच, दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे बसतो. त्याचं काम पंधरा मिनिटांत होतं आणि आपण पुढची पाच वर्षं त्या जागेची किंमत मोजतो. अर्धा सिग्नल जिन्यात जातो. उरलेला टीव्हीच्या धातूच्या पाठीवर आपटतो. बेडरूम घराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि मध्ये दोन भिंती, बाथरूम, लोखंडी कपाट.

भिंतभिंत सारखी नसते. लाकडी दार किंवा प्लायचं पार्टिशन किरकोळ. विटांची भिंत बऱ्यापैकी खाते. आरसीसीचा कॉलम किंवा काँक्रीटची भिंत त्याहून पुष्कळ जास्त, कारण आत सळया असतात. लहरींचा खरा वैरी धातू: गोदरेज पद्धतीचं कपाट, फ्रिज, खिडकीचं दाट ग्रिल, आरशामागचा चंदेरी लेप, माळ्यावरची स्टीलची भांडी. पाणीही या लहरी शोषतं, म्हणून भरलेली टाकी किंवा मोठं मत्स्यालय मध्ये आलं तर त्यामागे सावली पडते. कोकणातल्या चिऱ्याच्या घरांत आणि जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत एक राउटर पुढच्या खोलीपलीकडे जात नाही, यात राउटरचा दोष नाही. भिंत तिरकी ओलांडावी लागली तर तिची जाडी आणखी वाढते, हेही विसरायला होतं. राउटर हातभर सरकवल्यावर बेडरूममध्ये अचानक चांगलं चालू लागतं ते यामुळे.

राउटर मोकळ्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, शक्य तितका घराच्या मधोमध हवा. कपाटात नको, टीव्ही युनिटच्या बंद खणात नको, जमिनीवर नको. फायबरची वायर सहज वाढत नसेल, तर कंपनीचा डबा आहे तिथेच राहू द्या आणि तिथून साधी लॅन केबल ओढून दुसरा राउटर मधल्या जागी बसवा. काडीसारख्या अँटेना असतील तर एकदम वरच्या दिशेने सरळ उभ्या ठेवा. अशी अँटेना आडव्या दिशेने, आपल्या सभोवताली सगळ्यात जास्त पसरते आणि टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी. एकाच मजल्यावरच्या घरात त्या उभ्याच बऱ्या. वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी आडवी करून बघा.

एक नाव, दोन पट्टे

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची तिच्या निम्म्याहून थोडी कमी. लांब लहर भिंतीतून बरी जाते आणि दूरवर पोचते. ५ चा सिग्नल त्याच अंतरावर मोकळ्या हवेतसुद्धा साधारण ७ डेसिबलने कमी भरतो, आणि भिंतीत आणखी मार खातो. मग ५ का वापरायचं? कारण २.४ वर गर्दी असह्य झाली आहे.

या गर्दीला इतिहास आहे. २.४ चा पट्टा मुळात मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या उपकरणांसाठी सोडलेला होता. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १९८५ मध्ये तिथे विनापरवाना संपर्काला वाट दिली आणि वाय-फाय जन्मलं ते त्या वाटेवर. भारतात २.४ चा पट्टा २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग मात्र २०१८ मध्ये खुला झाला. दरम्यानच्या काळात जे काही बिनतारी बाजारात आलं ते सगळं २.४ वर येऊन बसलं: वाय-फाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस, स्मार्ट बल्ब, कॅमेरे.

२.४ वर भारतात १ ते १३ अशी चॅनेलं, म्हणजे पट्ट्यातल्या ठरलेल्या जागा, आहेत, पण ती एकमेकांपासून अवघी ५ मेगाहर्ट्झ दूर आहेत आणि एक वाय-फाय किमान २० मेगाहर्ट्झ रुंदी घेतं. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच उरतात: १, ६ आणि ११. पुण्या-ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझर ॲपने बघा, पंचवीस-तीस नेटवर्कं या तीन जागांत कोंबलेली दिसतील. वाय-फायचा नियम असा की बोलण्याआधी ऐकायचं, आणि कुणी बोलत असेल तर थांबायचं. वाड्याच्या चौकात तीस बिऱ्हाडांची माणसं उभी आहेत आणि एका वेळी एकानेच बोलायचं आहे, अशी ही परिस्थिती. तुमच्या दांड्या पूर्ण असतात, सिग्नल उणे ४५ असतो, तरी तुमच्या लॅपटॉपला बोलायची पाळीच येत नाही. रात्री नऊनंतर नेट मंदावतं आणि पहाटे छान चालतं, तर ही गर्दी असण्याची शक्यता मोठी.

इथे एक चूक सर्रास दिसते. शेजारी ६ वर आहे म्हणून आपण ४ किंवा ८ निवडतो. त्याने बिघडतंच. ६ वरच राहिलात तर शेजारचा राउटर तुमचं बोलणं ओळखतो आणि पाळी देतो. ४ वर गेलात तर तुमचा अर्धवट आवाज त्याला नुसता गोंगाट वाटतो, आणि त्याचा तुम्हाला. १, ६, ११ यांपैकी सगळ्यात मोकळं घ्या आणि रुंदी २० वर ठेवा, राउटर २.४ वर ४० ची रुंदी देऊ करतो, सोसायटीत ती घेऊ नका.

चॅनेल १२ आणि १३ टाळायला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत ही चॅनेलं सहसा वापरत नाहीत, त्यामुळे तिथे विकल्या गेलेल्या काही लॅपटॉपना ती दिसतच नाहीत. मुलाने किंवा भाच्याने तिकडून आणलेल्या लॅपटॉपवर घरचं नेटवर्क यादीत येत नाही आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर येतं, असं झालं तर राउटरने आपोआप १३ निवडलंय का ते आधी बघा.

५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे. शेजाऱ्याचा ५ चा सिग्नल भिंतीतच अडतो, म्हणजे या लहरीचा दोष सोसायटीत गुण ठरतो. फक्त ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात. राउटरला तिथे रडारची चाहूल लागली तर नियमाने त्याला चॅनेल सोडावं लागतं, आणि तेवढा वेळ तुमची जोडणी जाते. दिवसातून एक-दोनदा कारणाशिवाय सगळ्यांचंच वाय-फाय काही क्षण जात असेल तर राउटरमध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं चॅनेल पक्कं करून टाका.

बहुतेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुठल्या पट्ट्यावर जायचं ते लॅपटॉपवर सोडतात. लॅपटॉपची निवड नेहमी शहाणी नसते. म्हणून शोध चालू असेपर्यंत तरी राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या. राउटर असलेल्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५, त्यापलीकडे २.४, असा साधा हिशेब. पुढे काय चाललंय हे कळलं की नावं पुन्हा एक करता येतात.

टेबलावरचे शत्रू

हा भाग लहान आहे, पण यातला पहिला मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला बाहेरची हार्डडिस्क, पेनड्राइव्ह किंवा हब जोडलं आणि त्यात माहिती वाहू लागली की तारेतून आणि जोडातून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट गळतो. इंटेलने २०१२ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली होती. लक्षण ठळक असतं: हार्डडिस्कवर फाइल उतरवताना वाय-फाय मंदावतं आणि वायरलेस माउस अडखळतो. हार्डडिस्क लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवा, माउसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, आणि लॅपटॉप ५ वर न्या.

ब्लूटूथ २.४ वरच चालतं आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फायच्याच कार्डावर बसलेलं असतं. २.४ वर मोठं डाउनलोड चालू असताना ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज फुटला तर हेडफोन बदलायला धावू नका. इथेही उत्तर ५ गिगाहर्ट्झ. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ वर चालतो, पण तो चालू असतो त्या दोन मिनिटांपुरताच.

खुद्द लॅपटॉप

शेजारी मोबाइल नीट चालतोय, राउटर जवळ आहे, गर्दी नाही, आणि तरी लॅपटॉप तुटतो. आता त्याच्याकडे वळू. विचारायचा पहिला प्रश्न: चार्जर लावल्यावर फरक पडतो का? बॅटरीवर असताना विंडोज वाय-फायच्या कार्डाला डुलक्या घेऊ देतं. चार्जर लावला की नीट आणि काढला की अडखळतं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली तुमचं वाय-फाय कार्ड उघडा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण काढून टाका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज दिसत असतील तर तिथे बॅटरीसाठीही मॅक्सिमम परफॉर्मन्स ठेवा. लिनक्सवाल्यांनी नेटवर्कमॅनेजरमध्ये वाय-फायचं पॉवरसेव्ह बंद करावं. काही कार्डांवर एवढ्याने पिंगची रांग सरळ होते.

दुसरा प्रश्न: हे कधीपासून? विंडोजच्या अपडेटनंतर सुरू झालं असेल तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पानावर आधीचा ड्रायव्हर परत आणणारं ‘रोल बॅक’ चं बटण असतं. दुखणं जुनंच असेल तर लॅपटॉप कंपनीच्या किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या अधिकृत साइटवरून ड्रायव्हर घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाळा. त्यांनी आणलेला कचरा काढण्यातच दिवस जातो. विंडोजचं नेटवर्क रीसेट शेवटी ठेवा, कारण साठवलेले वाय-फायचे सगळे पासवर्ड आणि ऑफिसचं व्हीपीएन त्यात पुसलं जातं.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात मोलाचा: लॅपटॉप मध्यंतरी उघडला होता का? पुष्कळ लॅपटॉपमध्ये वाय-फायच्या अँटेना पडद्याच्या चौकटीत असतात. तिथून दोन बारीक तारा बिजागरीतून खाली उतरतात आणि मदरबोर्डवरच्या छोट्या कार्डाला दोन-तीन मिलिमीटरच्या गोल कनेक्टरने दाबून बसवलेल्या असतात. स्क्रीन बदलताना, बॅटरी किंवा एसएसडी टाकताना त्या निघतात आणि परत नीट बसत नाहीत. मग राउटरच्या शेजारी सगळं छान चालतं आणि दहा फुटांवर सिग्नल उणे ८० होतो. दुरुस्तीनंतर हे सुरू झालं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये एक मिनिटही घालवू नका. ज्याने उघडला त्याच्याकडे परत न्या आणि अँटेनाच्या दोन्ही तारा बसल्यात का ते समोर उघडून दाखवायला सांगा. लॅपटॉप कधीच उघडला नसेल, पण स्क्रीन मागे-पुढे केली की सिग्नल बदलतो, तर बिजागरीत तार घासली गेली आहे.

तार निघाल्याची खूण आकड्यांतही दिसते. राउटरजवळ बसून सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यात ठरलेला वेग, बघा. ५ गिगाहर्ट्झवर जोडलेल्या, दोन अँटेनांच्या वाय-फाय ५ कार्डावर (इथे ५ आणि ६ हे वाय-फायच्या पिढ्यांचे आकडे, पट्ट्याचे नव्हेत) तो ८६६ एमबीपीएसच्या आसपास दिसायला हवा, वाय-फाय ६ वर १२०० च्या. तो सतत ४३३ वर अडकत असेल तर एकच अँटेना काम करतेय अशी शंका घ्या. मात्र स्वस्त लॅपटॉपमध्ये मुळातच एका अँटेनाचं कार्ड घालतात. तिथे ४३३ हाच वरचा आकडा. आणि ७२ दिसत असेल तर लॅपटॉप बहुधा २.४ वर एकाच अँटेनाने बोलतोय. प्रत्यक्ष मिळणारा वेग लिंक स्पीडच्या साधारण निम्मा-साठ टक्के असतो, म्हणजे ७२ वर ३५-४० मिळाले तर कार्ड आपलं काम चोख करतंय. तुमचा प्लॅन ३०० चा असो वा ५०० चा.

जुनं कार्ड बदलता येतं आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते स्वस्तात होतं. फक्त कार्ड मदरबोर्डवर डकवलेलं नाही ना, हे आधी बघावं. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतात. एएक्स२१० ला ती अट नाही, एएमडीच्या लॅपटॉपमध्येही ते चालतं. लॅपटॉप उघडायचा नसेल तर दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी डोंगल घ्या, पण नखाएवढा घेऊ नका. त्यात अँटेनाला जागाच नसते. थोडा मोठा, शक्य तर बाहेर काडी असलेला घ्या आणि हातभर एक्स्टेंशन वायरवर लावा.

रिपीटर घेण्याआधी

लांबच्या खोलीत सिग्नल नाही म्हणून त्या खोलीत रिपीटर लावतात. तिथे त्यालाही राउटरचं तेवढंच कमी ऐकू येतं, आणि तो तेच कमजोर बोलणं मोठ्या आवाजात पुढे देतो. दांड्या वाढतात, वेग वाढत नाही. रिपीटर लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे तिथे लावा. एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा साधा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो, कारण प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो. मेश, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पसरवणारे दोन-तीन डबे, हे त्याहून बरं, पण दोन डब्यांमध्ये तीच आरसीसी भिंत असेल तर तेही दमतं.

माझ्या मते घरून काम करणाऱ्याने एकदा भिंतीच्या कडेने लॅन केबल ओढून घ्यावी. साधी कॅट ५ई केबलसुद्धा १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. केबल लावूनही वेग ९५ एमबीपीएसच्या वर जात नसेल तर दोन ठिकाणी बघा: काही कंपन्यांच्या डब्यांवर एखादंच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची १०० ची, आणि केबलच्या टोकाला आठही तारा नीट क्रिंप झालेल्या नसतील तर जोडणी आपोआप १०० वर उतरते, कारण १०० ला चार तारा पुरतात आणि गिगाबिटला आठ लागतात.

याच केबलच्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर लावला की दुसरा वाय-फाय तयार होतो. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणारी सोय, बंद करा, त्याचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा, उदाहरणार्थ पहिला १९२.१६८.१.१ असेल तर हा १९२.१६८.१.२, आणि केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) नव्हे, लॅनच्या पोर्टात लावा. नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखेच द्या, चॅनेल मात्र वेगळं. लॅपटॉप खोली बदलूनही जुन्याच राउटरला चिकटून राहिला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच वाय-फाय कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर रोमिंग ॲग्रेसिव्हनेस असतं, म्हणजे दुसऱ्या राउटरवर जायची घाई किती करायची ते. ते मीडियमवरून एक पायरी वर न्या. एकदम हायेस्टवर नेलंत तर लॅपटॉप दोन राउटरांमध्ये सतत उड्या मारत राहतो आणि कॉल पुन्हा तुटायला लागतो.